ग्वाल्हेरला नकार, कूचबिहारचा संसार आणि शिफॉनची साडी : बडोद्याच्या इंदिराराजेंची गोष्ट

१९११ सालचा डिसेंबर महिना. पंचम जॉर्ज बादशहाच्या दरबारासाठी अख्ख्या हिंदुस्थानातले राजेरजवाडे दिल्लीत गोळा झाले होते. मैलोन् मैल तंबूंची नगरी उभी राहिली होती. बडोद्याची छावणी होती, ग्वाल्हेरची होती, आणि दूर बंगालच्या उत्तरेकडच्या कूचबिहार या लहानशा संस्थानाचीही होती. बडोद्याच्या छावणीत महाराजा सयाजीराव गायकवाड यांची एकुलती एक मुलगी इंदिराराजे होती. वय १९. ग्वाल्हेरच्या महाराजा माधवराव शिंदे यांच्याशी तिचं लग्न ठरलेलं होतं. दोन बलाढ्य मराठी घराण्यांची सोयरीक म्हणून सगळीकडे कौतुक चाललं होतं.

दरबार संपला, छावण्या उठल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत इंदिराराजेंनी आईवडिलांना न विचारता, न सांगता ग्वाल्हेरला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. हे लग्न आपल्याला करायचं नाही, असं त्यात कळवलं होतं. बडोद्यात ही गोष्ट आधी कळली ती मुलीकडून नव्हे, तर ग्वाल्हेरहून आलेल्या तारेतून. राजकन्येच्या या पत्राचा अर्थ काय, अशी विचारणा त्या तारेत होती.

आज फॅशनच्या जगात इंदिराराजेंचं नाव निघतं ते शिफॉनच्या साडीसाठी आणि हिरे-मोत्यांच्या चपलांसाठी. पण त्या साडीची गोष्ट सांगायची तर सुरुवात या पत्रापासूनच करावी लागते.

लक्ष्मी विलासमधलं बालपण

इंदिराराजेंचा जन्म १९ फेब्रुवारी १८९२ चा. लक्ष्मी विलास राजवाडा पूर्ण होऊन त्या वेळी जेमतेम दोन वर्षं झाली होती. वडील सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, दत्तक म्हणून बडोद्याच्या गादीवर आलेले. आई चिमणाबाई या देवासच्या घाटगे घराण्यातल्या, सयाजीरावांच्या दुसऱ्या पत्नी. इंदिराराजेंना सगळे भाऊच. त्यामुळे एकुलत्या एका लेकीचे लाड भरपूर झाले आणि तिच्यावर नजरही तेवढीच राहिली.

गुजरातेतलं हे घर बोलायला, जेवायला, नेसायला पक्कं मराठी होतं. चिमणाबाई नऊवारी नेसत. पण घरात जग येऊन बसलं होतं. राजा रविवर्म्यांनी बडोदा दरबारासाठी काढलेली पुराणकथांची चित्रं भिंतींवर होती. इटालियन शिल्पकाराने घडवलेले पुतळे होते. चांदीच्या इवल्याशा सायकली चालवणारे, शिकवलेले पोपट होते. खजिन्यात खंडेराव महाराजांनी करवून घेतलेला मोत्यांचा गालिचा होता. गावात १८९० साली सुरू झालेलं कलाभवन होतं, जिथे रंगकाम, छपाई, विणकाम असे हातचे उद्योग शास्त्रशुद्ध शिकवले जात. पुढे भारतीय सिनेमाचा पाया घालणारे दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. कापड, रंग, नक्षी, घडण हे विषय या मुलीच्या आसपास लहानपणापासून होते.

शिक्षणाचंही तसंच. सयाजीरावांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, बालविवाहाविरुद्ध कायदा आणला. स्वतःच्या मुलीलाही त्यांनी रीतसर शिकवलं. राजघराण्यातली मुलगी म्हणजे जनान्यात वाढणारी, हा त्या काळचा नियम होता. इंदिराराजे युरोप बघून आलेली, इंग्रजीत सराईत वावरणारी मुलगी होती. चिमणाबाई तर त्याहून पुढे गेल्या होत्या. हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी सहलेखक घेऊन इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं. ते प्रसिद्ध झालं १९११ साली. म्हणजे ज्या वर्षी दिल्लीचा दरबार भरला, नेमकं त्याच वर्षी.

ग्वाल्हेर का नको?

माधवराव शिंदे हे काही वाईट स्थळ नव्हतं, हे आधी सांगायला हवं. राज्यकारभारात लक्ष घालणारे, कामसू राजे म्हणून त्यांचं नाव होतं. आगगाडीचं त्यांना विलक्षण वेड. जयविलास राजवाड्यातल्या जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांपुढे फिरणारी त्यांची चांदीची छोटी आगगाडी आजही लोक बघायला जातात. संस्थान मोठं, पैसा मुबलक, घराणं मराठी. सयाजीरावांना आणि चिमणाबाईंना यात खोट दिसली नाही, यात नवल नाही.

पण मुलीच्या बाजूने बघितलं तर चित्र वेगळं होतं. माधवराव तिच्यापेक्षा १५ वर्षांहून अधिक मोठे. त्यांचं एक लग्न झालेलं होतं आणि पहिल्या राणीसाहेब हयात होत्या. मूल नव्हतं म्हणून दुसरं लग्न करायचं होतं. शिवाय ग्वाल्हेरच्या राजवाड्यात पडदा कडक. युरोप पाहिलेली, मोकळेपणाने वाढलेली इंदिराराजे तिथे दुसरी राणी म्हणून जनान्यात जाऊन बसणार होती.

दिल्लीत तिचा बराच वेळ कूचबिहारच्या छावणीत जायचा. तिथल्या राजकन्या तिच्या मैत्रिणी झाल्या होत्या. त्यांचे भाऊ जितेंद्रनारायण यांची तिथे ओळख झाली. वय २५ च्या आसपास, देखणे, हसरे, गाण्याबजावण्याचे शौकीन. गादीचे वारस मात्र ते नव्हते. वडील महाराजा नृपेंद्रनारायण नुकतेच सप्टेंबरमध्ये वारले होते आणि थोरले भाऊ राजेंद्रनारायण गादीवर आले होते. म्हणजे इंदिराराजेंनी ज्याच्यासाठी ग्वाल्हेरची महाराणी व्हायचं सोडलं, तो एका लहान संस्थानाचा धाकटा राजपुत्र होता. बडोद्याला २१ तोफांची सलामी, तर कूचबिहारला १३. त्या काळात मोठेपणाचा हिशेब असा तोफांच्या आकड्यावर व्हायचा.

दुसरी अडचण धर्म-जातीची. जितेंद्रनारायण यांच्या आई सुनीतिदेवी म्हणजे ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांच्या कन्या. घर ब्राह्मो वळणाचं, राहणी विलायती, दारूही वर्ज्य नाही. मराठा घराण्याने आपल्या पोरीला अशा घरी द्यायचं म्हणजे त्या काळी मोठी गोष्ट होती.

आईवडिलांचा विरोध

हा काळ सयाजीरावांना तसाही जड जात होता. दिल्ली दरबारात बादशहापुढे त्यांनी एकदाच मुजरा केला आणि पाठ फिरवून निघून गेले, असा गवगवा इंग्रजी वर्तमानपत्रांनी उठवला होता. सरकारची मर्जी खप्पा झालेली. त्यातच ग्वाल्हेरचं लग्न मोडलं. दोन्ही बाजूंनी नाचक्की.

पण खरी गुंतागुंत घरात होती. बालविवाहाला बंदी घालणारे वडील आणि स्त्रियांच्या स्थितीवर पुस्तक लिहिणारी आई, दोघांनीही मुलीच्या निवडीला ठाम विरोध केला. जितेंद्रनारायण यांना बजावून सांगण्यात आलं की हा नाद सोडा. मुलीवर पहारा बसला. तिला युरोपला नेलं, की तिथे तरी डोक्यातून हे खूळ जाईल. पण पत्रं थांबली नाहीत. खोट्या नावांनी, भलत्याच बायकांच्या सह्यांनी ती येत-जात राहिली. सुमारे दीड वर्ष हे असं चाललं.

शेवटी आईवडिलांनी हात टेकले, पण मन वळलं नाही. १९१३ साली लंडनमध्ये हे लग्न लागलं. आधी नोंदणी आणि मग ब्राह्मो विधी. एवढ्या मोठ्या संस्थानची एकुलती एक राजकन्या, पण लग्नाला आई नव्हती की वडील नव्हते. बडोद्याच्या वाटेवर ना चौघडा वाजला, ना हत्ती सजले.

दैवाची गंमत बघा. लग्नानंतर थोड्याच दिवसांत, सप्टेंबर १९१३ मध्ये थोरले दीर राजेंद्रनारायण वारले. धाकटा राजपुत्र महाराजा झाला आणि इंदिराराजे कूचबिहारच्या महाराणी इंदिरादेवी झाल्या. ग्वाल्हेरकडेही गोष्ट अडून राहिली नाही. माधवरावांनी गोव्याच्या राणे घराण्यातल्या गजराराजेंशी लग्न केलं. ग्वाल्हेरचं वैद्यकीय महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. बडोद्याने नाकारलेली जागा अशी गोव्याच्या लेकीकडे गेली.

नऊवारीच्या घरातून बंगालमध्ये

कूचबिहारला गेल्यावर भाषा बदलली, जेवण बदललं, नेसणंही बदललं. इथे एक जुना मराठी-बंगाली धागा आहे. रवींद्रनाथ टागोरांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ मुंबई इलाख्यात सनदी अधिकारी होते. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी मुंबईत राहिल्या तेव्हा त्यांनी पारशी बायकांचं नेसणं पाहिलं आणि त्यावरून परकर, पोलकं घालून साडी नेसायची एक सुटसुटीत पद्धत बंगालमध्ये नेली. ब्राह्मो घरांतल्या बायकांनी ती उचलली. बाहेर पडायचं, सभेला जायचं, तर अंगभर नीट राहील असं नेसणं हवं, ही त्यामागची गरज होती. इंदिराराजे सून म्हणून गेल्या ते घर याच वळणाचं होतं.

लग्नानंतरच्या सात वर्षांत पाच मुलं झाली. इला, जगद्दीपेंद्र, इंद्रजितेंद्र, गायत्री आणि मेनका. गायत्रीच्या वेळी इंदिराराजे रायडर हॅगार्डची एक कादंबरी वाचत होत्या. तिच्यातल्या नायिकेवरून मुलीला घरात आयेशा हे लाडाचं नाव पडलं. हीच पुढे जयपूरची महाराणी गायत्रीदेवी. नातवंडं आल्यावर बडोद्याचा रागही हळूहळू निवळला. मुलं आजोळी येऊ लागली, चिमणाबाईंच्या हाताखाली मराठी घराची शिस्त बघू लागली.

पण संसार फार टिकला नाही. दारूने या दोन्ही घराण्यांतली किती तरी तरुण माणसं नेली. इंदिराराजेंचे भाऊ गेले, दीर गेले. जितेंद्रनारायण यांचीही प्रकृती ढासळली आणि डिसेंबर १९२२ मध्ये लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं ३६. इंदिराराजे तेव्हा तिशीत होत्या. पदरी पाच मुलं, थोरला मुलगा सात वर्षांचा. बोटीने हिंदुस्थानात परतताना पांढरी साडी नेसून केबिनमध्ये बसून राहणारी, सारखी रडणारी आई मुलांच्या आठवणीत कायमची राहिली.

पांढऱ्या साडीचं काय करायचं?

त्या काळच्या विधवेचं आयुष्य कसं असायचं, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. कुंकू गेलं, बांगड्या गेल्या, रंग गेले. बंगालमध्ये विधवेच्या वस्त्राला थान म्हणत. बिनकाठाची, कोरी पांढरी साडी. काठ नाही म्हणजे सौभाग्य नाही, हे लांबूनच ओळखू यावं. राजघराण्यातली असो की गरिबाघरची, नियम एकच.

इंदिराराजेंनी पांढरी साडी टाकून दिली नाही. कापड मात्र बदललं. त्यांनी शिफॉन निवडलं.

शिफॉन हे तेव्हा विलायती बायकांच्या झग्यांचं कापड. रेशमाच्या अतिशय बारीक धाग्याला जोराचा पीळ देऊन ते विणतात. त्यामुळे ते पारदर्शक, हवेसारखं हलकं होतं आणि अंगावर पाण्यासारखं पडतं. फ्रान्समधलं लियाँ शहर रेशीमकामासाठी प्रसिद्ध. पण झग्यासाठी विणलेल्या कापडाचा पन्हा साडीला पुरत नाही. इंदिराराजेंनी साडीला पुरेल अशा ४५ इंच पन्ह्याचं शिफॉन फ्रान्समधून खास करवून घेतलं, असं सांगितलं जातं.

यातली खुबी कापडाच्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळेल. आपली पैठणी असो, शालू असो, इरकल असो, साडी मागावरच साडी म्हणून जन्माला येते. काठ, पदर, अंग सगळं विणतानाच ठरतं. नक्षी विणकराच्या हातात असते. शिफॉनची साडी तशी नाही. ती ताग्यातून कापलेली. तिला ना काठ, ना पदर. तिची सगळी शोभा नेसणारीच्या नेसण्यात. चुण्या कशा पडतात, पदर खांद्यावरून कसा उतरतो, आत परकर-पोलकं कोणत्या रंगाचं आहे, यावर ती उठून दिसते. जरीच्या शालूत राणी उभी राहिली की लोक शालू बघायचे. शिफॉनमध्ये बघायचं तर नेसणाऱ्या बाईलाच बघावं लागतं.

बिनकाठाचं पांढरं वस्त्र विधवेची खूण होतं. त्याच बिनकाठाच्या पांढऱ्याला इंदिराराजेंनी असं रूप दिलं की सवाष्ण बायकांनाही ते हवंसं वाटू लागलं. सोबत मोत्यांचे सर, कधी हिरे, कधी पाचू. पुढे रंगही आले. कलकत्त्यापासून मुंबईपर्यंतच्या राजवाड्यांत आणि बंगल्यांत शिफॉन पोहोचलं. उन्हाळ्यात हलकी, प्रवासात घडी लहान, जेवणाच्या मेजवानीला शोभणारी. जरीच्या ओझ्यातून सुटका झाल्यासारखं अनेकींना वाटलं असणार.

फ्लॉरेन्सचा चांभार आणि रोमला गेलेला स्वयंपाकी

इंदिराराजेंची चोखंदळ नजर साडीवर थांबली नाही. इटलीतल्या फ्लॉरेन्सला साल्व्हातोर फेरागामो नावाचा कारागीर होता. गरीब घरातला हा पोरगा अमेरिकेत जाऊन हॉलिवूडच्या नट्यांची पादत्राणं करून नावारूपाला आला आणि १९२७ साली इटलीला परतला. इंदिराराजेंनी एकदा त्याच्याकडे शंभरावर जोडांची मागणी नोंदवली. त्यात एक जोड हिरव्या मखमलीचा, त्यावर मोत्यांची नागमोडी वेल. दुसरा काळ्या मखमलीचा, हिऱ्यांच्या बकलाचा. हिरे आणि मोती त्यांनी स्वतःच्या खजिन्यातले पाठवले होते. मोत्यांचा गालिचा ज्या घरात होता, त्या घरातली लेक मोती पायात घालते, याचं बडोदेकरांना फारसं आश्चर्य वाटलं नसावं.

कलकत्त्याच्या अलीपूरमधलं कूचबिहारचं ‘वुडलँड्स’ हे घर त्यांनी आपल्या आवडीने सजवलं. देशोदेशीचं सामान होतं, पण घर प्रदर्शनासारखं वाटत नसे, राहतं वाटे. जेवणाच्या बाबतीतही तोच हट्ट. इटालियन पदार्थ नुसता कृती वाचून करायचा नाही, मुळात तो कसा लागतो हे माहीत पाहिजे, म्हणून त्यांनी आपल्या स्वयंपाक्याला रोमच्या नामांकित खाणावळीत चव घ्यायला नेलं होतं. जुगाराच्या टेबलावरही त्या बसत. युरोपातल्या कॅसिनोमध्ये सोबत एक जिवंत कासव असे आणि त्याच्या पाठीवर रत्नांच्या पट्ट्या जडवलेल्या. त्या काळच्या युरोपातल्या उच्चभ्रू वर्तुळात हिंदुस्थानी महाराणी म्हटलं की याच चेहऱ्याची आठवण यायची.

पैसा कुणाचा?

इथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे. हा सगळा खर्च कशातून होत होता? कूचबिहारच्या रयतेच्या साऱ्यातून आणि बडोद्याहून आलेल्या माहेरच्या संपत्तीतून. मुलगा लहान म्हणून इंदिराराजे १९२२ पासून संस्थानच्या पालक-राज्यकर्त्या होत्या. १९३६ साली जगद्दीपेंद्रनारायण यांच्या हाती कारभार येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ १४ वर्षं ही जबाबदारी त्यांच्यावर होती. त्यातला बराच काळ त्या विलायतेत असत. घोड्यावरच्या शिकारीचा हंगाम इंग्लंडमध्ये काढायचा, मग कलकत्ता, मग कूचबिहार. उत्तर बंगालच्या पुराच्या, भाताच्या त्या मुलखात शेतकरी कसा जगत होता आणि फ्लॉरेन्सला मखमलीवर मोती कसे जडवले जात होते, हे दोन्ही एकाच संस्थानातलं चित्र होतं. आपल्याकडचे बहुतेक संस्थानिक याच जातकुळीतले होते. पण दागिन्यांचं कौतुक करताना ही बाजू झाकणं बरं नव्हे.

त्याच वेळी हेही खरं, की तिशीतल्या एका विधवेने परक्या मुलखात १४ वर्षं गादी सांभाळली आणि मुलगा वयात आल्यावर ती त्याच्या स्वाधीन केली. त्या पडद्यात गेल्या नाहीत. कूचबिहारच्या दरबारात, शिकारीत, पाहुण्यांत त्या उघडपणे वावरल्या. मुलींना शिकवलं. गायत्रीला काही काळ शांतिनिकेतनात ठेवलं, मग युरोपात. आई चिमणाबाई १९२७ साली पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. त्यांनी सभेत जे मांडलं त्यातलं बरंच लेकीने सभा न घेता जगून दाखवलं, असं म्हणायला हरकत नाही.

लेकीच्या वेळी आई

आयुष्य कधी कधी हिशेब असा पुढ्यात आणून ठेवतं की माणूस गप्प होतो. थोरली मुलगी इला हिने आईला न सांगता त्रिपुराच्या राजघराण्यातल्या तरुणाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. इंदिराराजे संतापल्या. आईवडिलांच्या मनाविरुद्ध लंडनला लग्न करणाऱ्या बाईला लेकीचं तसंच वागणं मात्र सहन झालं नाही.

मग गायत्रीची वेळ आली. जयपूरचे महाराजा सवाई मानसिंह पोलो खेळायला कलकत्त्याला येत, वुडलँड्सवर उतरत. गायत्रीचा जीव त्यांच्यावर जडला. मानसिंहांना आधीच्या दोन राण्या होत्या. जयपूरचा पडदा तर ग्वाल्हेरपेक्षाही कडक. जी गोष्ट नको म्हणून इंदिराराजेंनी १९११ साली ग्वाल्हेरला पत्र लिहिलं होतं, नेमकी तीच गोष्ट त्यांची मुलगी स्वतः मागत होती. दुसरी राणीही नव्हे, तिसरी.

इंदिराराजेंनी थांब म्हणून सांगितलं. काही वर्षं जाऊ दिली. पण बडोद्यात त्यांच्याबाबतीत झालं तसं इथे झालं नाही. मुलगी आपल्या म्हणण्यावर ठाम आहे असं दिसल्यावर त्यांनी लग्नाला मान्यता दिली. ९ मे १९४० रोजी कूचबिहारच्या राजवाड्यात थाटामाटात लग्न लागलं. लग्नाच्या सामानासाठी स्वतः इंदिराराजेंनी पायपीट केली, युरोपात आणि हिंदुस्थानात. आपल्या लग्नात आईची जागा रिकामी होती. लेकीच्या लग्नात ती भरलेली होती.

गायत्रीदेवींनी पुढे जयपूरमध्ये मुलींची शाळा काढली, १९६२ ची लोकसभा निवडणूक विक्रमी मतांनी जिंकली. त्यांचे फोटो आजही सगळीकडे दिसतात. फिक्या रंगाची शिफॉन साडी, गळ्यात मोत्यांचा सर, डोक्यावर पदर. लोक त्याला जयपूरची शान म्हणतात. पण ती साडी नेसायची नजर आईची. आणि आईची नजर तयार झाली ती बडोद्यात.

शेवटची वर्षं

स्वातंत्र्यानंतर संस्थानं गेली. कूचबिहार १ जानेवारी १९५० रोजी पश्चिम बंगालचा एक जिल्हा झाला. त्याआधी बडोदाही मुंबई राज्यात विलीन झालं होतं. वैभवाबरोबर घरातली माणसंही कमी होत गेली. १९४५ साली इला गेली. १९५१ साली धाकटा मुलगा इंद्रजितेंद्र दार्जिलिंगला आगीच्या दुर्घटनेत गेला. धाकटी मेनका देवासच्या राजघराण्यात दिलेली होती. चिमणाबाईंच्या माहेरच्या गावी नात सून म्हणून गेली, एवढा एक धागा पुन्हा माळव्यातल्या मराठी मुलखाशी जुळला.

उतारवयात इंदिराराजेंचा मुक्काम मुंबईत वाढला. ६ सप्टेंबर १९६८ रोजी मुंबईतच त्यांचं निधन झालं. वय ७६.

आज वडोदऱ्याला लक्ष्मी विलास बघायला जाणारे पर्यटक रविवर्म्याच्या चित्रांपुढे थांबतात. ग्वाल्हेरला जाणारे चांदीच्या आगगाडीपुढे थांबतात. कूचबिहारचा राजवाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे. तिन्ही ठिकाणी मिळून जी एक गोष्ट घडली, ती कुठल्याच एका ठिकाणी पूर्ण सांगितली जात नाही. लग्नसराईत आपल्याकडची कुठलीही बाई साडीच्या दुकानात शिरते. जरीचा शालू घेऊन झाला की दुकानदार आपण होऊन विचारतो, रिसेप्शनला हलकं काही दाखवू का? आणि गादीवर शिफॉनचा ढीग टाकतो. ते पोरीला आवडतं, आईला जरा साधं वाटतं. मग दोघींची थोडी कुरबुर होते आणि बहुतेक वेळा पोरीच्या पसंतीचीच साडी बांधून घेतली जाते.